गिळलेली अक्षरं

सरांचं ठाम मत होतं, की फ्रान्समधल्या त्या गायिकेला फ्रेंच नीट येत नाही.

हे ते गमतीनं म्हणत नसत. गंमत हा प्रकार त्यांना चालतच नसे. पवनीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत, रेकॉर्ड प्लेअरशेजारी, उजव्या हाताची तर्जनी वर धरून ते उभे राहत. तबकडीवर ती बाई गात असे, मागं पियानो वाजत असे, आणि एखादा शब्द आला की सर दाढ दुखल्यासारखा चेहरा करत.

"गिळलं," ते म्हणत. "पुन्हा गिळलं. शेवटी एस छापलेला आहे, त्याच्या आधी टी आहे. बाईनं दोन्ही खाल्ले."

मी त्या शाळेत गणित शिकवायला आले ते सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला. सर तिथं इंग्रजी शिकवत. त्यांच्या घरामागची एक खोली रिकामी होती, ती त्यांनी मला भाड्यानं दिली. माझ्या खोलीची एक भिंत त्यांच्या स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळं त्या घरात काय शिजतं आणि कोण काय बोलतं, दोन्ही मला कळायचं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मले खोलीची चावी द्या जी."

"मला," सर म्हणाले.

मला वाटलं त्यांना चावी हवी आहे.

"मले नाही. मला. पुन्हा म्हणा."

मी लाखनीची. आमच्या घरी आजवर कोणाला 'मला' म्हणायची गरज पडली नव्हती. पण खोली हवी होती, म्हणून मी म्हटलं, "मला चावी द्या." तेव्हा चावी मिळाली. शाळेतल्या मुलांचेही हेच हाल होते. 'का' ऐवजी 'काहून' म्हणणाऱ्याला बाकावर उभं राहावं लागे. 'पोट्टे' हा शब्द तर वर्गात निघायची सोय नव्हती. ऐकणाऱ्याला वाटावं, सर थेट पुण्याच्या सदाशिव पेठेतून आले आहेत. सर होते भंडारा जिल्ह्यातल्याच बपेऱ्याचे. पण गावाचं नाव विचारलं की ते 'मध्य प्रदेशच्या सरहद्दीवरचा प्रदेश' एवढंच सांगत, जणू तिथं त्यांच्या वाडवडलांचं एखादं संस्थान असावं.

फ्रेंचचं प्रकरण असं होतं. नागपूरला शिक्षकाची पदवी घेत असताना त्यांनी संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे गृहस्थ तीन महिन्यांत दुसरीकडे निघून गेले आणि वर्ग बंद पडला. पुढचं फ्रेंच सर पुस्तकावरून शिकले. पुस्तकाला आवाज नसतो. सरांनी आपला दिला. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीचशी अक्षरं नुसती लिहायची असतात, बोलायची नसतात, हे एकतर त्या तीन महिन्यांत आलं नसावं किंवा सरांना पटलं नसावं. त्यांचा स्वभाव पाहता मला दुसरंच खरं वाटतं. छापलेलं अक्षर सोडून द्यायचं म्हणजे त्यांना परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटत असणार.

तबकडी त्यांना सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाली होती. एका बाजूला इतका मोठा ओरखडा होता की तिच्यावर सुई ठेवताच येत नसे. दुसऱ्या बाजूला एकच गाणं. शंभरेक वर्षांपूर्वी कुण्या फ्रेंच कवीनं एक कविता लिहिली, त्याच सुमारास एका संगीतकारानं तिला चाल लावली. एक आवाज आणि पियानो, बाकी काही नाही. चार मिनिटांचं गाणं. पाकिटावर कविता छापलेली होती. त्या गाण्याचा अर्थ भंडारा जिल्ह्यात फक्त आपल्याला कळतो, असं सर म्हणत, आणि हे खोडून काढायला दुसरं कोणी नव्हतं.

दर रविवारी चारच्या सुमाराला ऐकण्याची बैठक असे. मुख्याध्यापकांना यावंच लागे, कारण शाळेचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार सर लिहून देत. राइस मिलचे मालक येत, कारण त्यांचा मुलगा सरांच्या वर्गात होता. मी येत असे, कारण मी भाडेकरू होते. गाणं संपेपर्यंत चहा आत यायचा नाही, कपबशीचा आवाज झालेला सरांना खपत नसे. आधी सर अर्थ सांगत. "आत्मा हा नावाडी आहे. समुद्र म्हणजे मृत्यू. आत्मा मृत्यूला विचारतो आहे, पैलतीर किती दूर?" मग गाणं, मग उच्चारांतल्या चुका.

एका रविवारी मिलच्या मालकांना राहवलं नाही. "सर, एक विचारू काय? थे बाई काहून रडून राहिली?"

सरांनी सुई उचलली. "रडत नाही. ती व्याकूळ आहे."

"हो जी. पन काहून?"

त्या सहामाहीत मालकांचा मुलगा इंग्रजीत नापास झाला. पेपर तसाच लिहिला होता, असं सर म्हणत. मी तो पेपर पाहिला होता. तितका वाईट नव्हता.

मुलं त्यांना 'भोंजोर सर' म्हणत. 'नमस्ते' ऐवजी फ्रेंचमध्ये अभिवादन करायची त्यांनी वर्गाला सवय लावली होती, आणि ते 'बॉन-जौर्' असं, दोन तुकडे करून, शेवटचा र ठासून म्हणवून घेत. साठ पोरं एकदम ओरडली की शेजारच्या वर्गात माझी भूमिती थांबायची.

एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांनी ते गाणं आठवीच्या मुलींकडून गाऊन घेतलं. फ्रेंच शब्द मुलींच्या तोंडी बसेनात, म्हणून त्यांनी मराठी भाषांतर केलं. 'हे जलधे, ने मम आत्मनौका, अनंत त्या पैलतीराला' अशी सुरुवात होती. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींना ती चाल धरता येईना. त्यांनी तिला आपल्या ओळखीच्या वळणावर नेलं, तबल्यावाल्यानं केरवा धरला, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तिची छान आरती झाली. प्रमुख पाहुणे हात जोडून उभे राहिले. पाहुणे उभे राहिलेले पाहून सगळं पटांगण उभं राहिलं. मागच्या एका म्हाताऱ्यानं टाळ्या धरल्या. गाणं संपल्यावर दोन-तीन बायांनी प्रसाद कुठं आहे, अशी चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर म्हणाले, "पवनीनं काल फ्रेंच काव्याला उभं राहून मानवंदना दिली." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ते बाहेर गेल्यावर पोट धरून हसलो. मीही हसले. तोंडावर सांगायची हिंमत आमच्यापैकी कोणाची नव्हती, आणि आम्हाला ती असावीशी वाटतही नव्हती. फुकटची करमणूक कोण सोडतो?

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. चाळिशीच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, लाखोळीची डाळ अशी करायच्या की मी पाट सोडून उठत नसे. सर त्यांच्याशी दोनच शब्द बोलत: 'पाणी' आणि 'चहा'. पाहुण्यांसमोर सांगत, "घरात या गोष्टींची जाण असलेलं कोणी नाही. एकट्यानं ऐकावं लागतं." काकू आतून हे ऐकत आणि चहात साखर घालत.

शनिवारी शाळा सकाळची असे. मी दुपारी घरी यायची, सर शिकवण्या घेऊन उशिरा यायचे. अशाच एका शनिवारी भिंतीपलीकडून ते गाणं ऐकू आलं. मला वाटलं प्लेअर चालू राहिला. पण पियानो नव्हता. सुपातले तांदूळ पाखडण्याचा आवाज येत होता. मी दारातून डोकावले. काकू तांदूळ निवडत होत्या आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते गाणं म्हणत होत्या, तबकडीवरची बाई म्हणते तसंच. सगळी अक्षरं गिळून.

मला पाहून थांबल्या. "त्याईले नोका सांगू," त्या म्हणाल्या. "एकदा चाल गुनगुनताना आयकलं होतं त्याईनं. म्हनले, थे काई धान कांडाचं गाणं नोहे."

"अर्थ कळते काय काकू?"

"नाई माय. मधात एक 'तुझूर' येते. मले वाटते, कोनाले तरी तुझं-तुझं म्हनून राहिली."

मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर दर शनिवारी मी घाईनं घरी यायला लागले, एवढंच.

मग ती फ्रेंच बाई आली. पवनीच्या जुन्या बौद्ध अवशेषांवर तिला काहीतरी लिहायचं होतं. नागपूरहून जीप करून आली, दोन दिवस टेकडीवर मोजमाप करत उन्हात फिरली. ही बातमी मुख्याध्यापकांना कळली, आणि अख्ख्या तालुक्यात फ्रेंच बोलणारा एकच माणूस, तो आपल्या शाळेत, हे त्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते तिला सरांच्या घरी घेऊन आले. पुढची खोली भरली, अंगण भरलं. मिलचे मालकही आले. मुलगा केव्हाच सरांच्या वर्गातून सुटला होता, तरी आले.

सरांनी रात्रभर जागून दोन पानांचं भाषण लिहिलं होतं. ते त्यांनी उभं राहून वाचलं. एकही अक्षर सोडलं नाही. बाई पुढं झुकून, हसऱ्या चेहऱ्यानं, फार लक्ष देऊन ऐकत होती. भाषण संपलं. ती इंग्रजीत हळूच काहीतरी म्हणाली. मुख्याध्यापकांना वाटलं, सगळ्यांना कळायला हवं. त्यांनी मोठ्यानं मराठी केलं:

"मॅडम म्हणतात, माफ करा, मला मराठी समजत नाही."

"पन सर मराठी कुठी बोलले?" मिलचे मालक म्हणाले.

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं.  सरांनी हातातली पानं नीट घडी करून खिशात ठेवली आणि वळून तबकडी लावली. त्या क्षणी मला त्यांची दया आली होती, हे कबूल करते. फार वेळ टिकली नाही.

पहिल्या ओळीलाच ती बाई ताठ बसली. तिनं छातीवर हात ठेवला. तिची आजी हे गाणं पियानोवर वाजवायची, असं ती मला इंग्रजीत म्हणाली. सरांची मान वर झाली. आणि तिसऱ्या कडव्यात वीज गेली. गायिकेचा आवाज जाड झाला, घोगरा झाला, आणि बंद पडला.

 मग ती बाई स्वतःच पुढं म्हणू लागली, पियानोशिवाय, लहान आवाजात. दोन ओळी म्हटल्या आणि अडकली. पुढचा शब्द तिला आठवेना. कपाळाला बोट लावून ती हसली.

सरांनी पाकीट उचललं, ओळ शोधली. "टौजौर्स," ते म्हणाले.

बाईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"टौजौर्स!" ते जोरात म्हणाले. "टौ-जौर्स!"

"तुझूर," दारातून आवाज आला.

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बाई गर्रकन वळली. काकूंना वाटलं असावं, आपण बोललो ते बोललोच, आता अर्धवट कसं सोडायचं? ट्रे हातात तसाच धरून त्यांनी पुढची ओळ म्हटली, नजर जमिनीकडं, आवाज मात्र मोकळा. बाई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. दोघींनी गाणं शेवटपर्यंत नेलं.  ट्रेमधल्या कपबश्या पहिल्यांदाच गाण्यात वाजत होत्या, आणि सरांना ते ऐकू येत नव्हतं.

"तुले कसं येते हे?" सर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'ले' निघालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बाईनंही तेच विचारलं, मी काकूंना सांगितलं. काकू लाजल्या. "मी कायले शिकू जी? नऊ वरसं झाली, रोज लागते थे घरात. कानाले काई झाकन असते?" मग ट्रे खाली ठेवून त्यांनी पदर सारखा केला. "इचारा ना बाई त्याईले, थे गाण्यातली काय म्हनून राहिली?"

मी विचारलं. बाईनं सांगितलं, मी मराठी केलं. एका बाईचा नवरा नदीपलीकडच्या जत्रेला गेला आहे. जेवण निवतं आहे. डोंग्याचा नावाडी आपल्या घरी गेला. ती नदीला विचारते, तुला दिसला काय गं तो? 'तुझूर' म्हणजे नेहमी. बस.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "मले वाटे कोनी मेलं." थोडा विचार करून म्हणाल्या, "मंग आला काय तो?"

बाई हसली. कवितेत ते सांगितलेलं नाही, म्हणाली.

"येते," काकू म्हणाल्या. "जत्रेतून उशीर होतेच."

सर खिडकीपाशी उभे राहून मुख्याध्यापकांना सांगत होते, की विजेबद्दल एकदा कडक शब्दांत तक्रार करायला हवी.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी सगळं जुळवून आणलं. ती बाई कुठल्याशा लहान खेड्यातली होती, हे तिनंच मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. सरांना तेवढं पुरलं. "तिचं फ्रेंच ग्रामीण आहे," ते आम्हाला म्हणाले. "तिकडेही आपल्या भागासारखी झाडीपट्टी असणारच. प्रमाण भाषा तिला कळली नाही, यात तिचा दोष नाही." आत्मा आणि मृत्यू हेही तसंच ठेवलं. खेड्यातल्या बाईला नुसती नदी दिसणार, असं म्हणाले. बायकोला गाणं येतं याचं श्रेय त्यांनी घरातल्या वातावरणाला दिलं, आणि वातावरण त्यांचंच होतं.

इथवर आम्ही हसलो असतो. पण त्यांनी काकूंना शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवायचं, पाकीट हातात घ्यायचं आणि पट्टीनं एकेक अक्षर दाखवायचं. भिंतीतून मला ऐकू यायचं.

"टौ-जौर्स. म्हण."

मग पाकिटावर पट्टी आपटल्याचा आवाज.

"हे काय लिहिलं आहे? एस. मग गिळायचा का? म्हण."

पाचव्या का सहाव्या संध्याकाळी काकू बोलल्या. आवाज चढवला नाही. "त्या बाईले मी बोलली थे समजलं. तुमी बोलले थे नाई समजलं. मंग मी कायले बदलू?"

त्यानंतर त्या घरात चार दिवस कोणीच बोललं नाही. पाचव्या दिवशी सरांनी प्लेअर आणि तबकडी सायकलला बांधून शाळेत नेली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. घरात दुरुपयोग होतो, असं कारण दिलं. रविवारची बैठक बंद झाली. मुख्याध्यापक आणि आम्ही सुटलो म्हणून खूश होतो. शनिवारी दुपारी मी घरी यायची तर भिंतीपलीकडून नुसता सुपाचा आवाज. काकू गात नव्हत्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "इच्छाच होत नाई बाई." नऊ वर्षं काकूंनी त्या घरात स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट कमावली होती, आणि तीही सरांनी कपाटात कोंडली. मी सरांना जाऊन काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. मला खोली हवी होती.

पुढच्या वर्षी लाखनीच्या शाळेत जागा निघाली आणि मी घरी परतले.

पुन्हा पवनीला गेले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका विद्यार्थिनीच्या लग्नाला. दुपारी काकूंकडे गेले. सर निवृत्त झाले होते आणि दोन्ही कानांनी जवळजवळ गेले होते. शाळेच्या कपाटात प्लेअरला गंज चढला, तबकडी उंदरांनी खाली पाडून फोडली. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. मला ओळखलं. "बॉन-जौर्," म्हणाले, शेवटच्या र सकट.

मग काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकव."

काकू स्टूल घेऊन त्यांच्या डाव्या कानाशी बसल्या आणि मोठ्यानं गाऊ लागल्या. तीच चाल, तेच शब्द. सर डोळे मिटून, तर्जनी वर धरून ऐकत होते. मधेच तर्जनी हलली. "गिळलंस," ते म्हणाले. काकूंनी मान हलवली आणि तसंच पुढं म्हटलं. गाणं संपल्यावर सर समाधानानं खुर्चीत डुलक्या घेऊ लागले.

मला राग आला होता. आत जाऊन मी काकूंना म्हटलं, "इतकं सगळं झाल्यावर तुम्ही त्याईच्यासाठी कायले गाता जी?"

काकू चुलीवर चहा ठेवत होत्या. "त्याईले शब्द आयकू येत नाई बाई," त्या म्हणाल्या. "चाल येते थोडी, तोंड हालते थे दिसते. आज तुमी होत्या म्हनून खरं म्हनलं, येरवी मनाले येईल थे म्हनते. कदी शेजारनीच्या सुनेचं भांडन म्हनते, कदी त्याईलेच दोन गोष्टी सुनवते, जे जलमभर सुनवाच्या राहिल्या." हसू आवरेना म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. "काल म्या वांग्याची भाजी कशी करतेत थे म्हनलं पुरं, फोडनीपासून. म्हने, आज उच्चार सुधारले."